हॉलच्या भिंतीला जपानी पक्षी-फुलांचं चित्र लावायचंय, गोव्याच्या पावसात टिकेल का आणि नेमकं कुठलं घेऊ?

मोगरा_फोंडा

नमस्कार मंडळी, इथे आधी कोणी विचारलं असेल तर माफ करा, शोधलं पण मिळालं नाही.

फोंड्याला नवीन फ्लॅट घेतलाय, दुसरा मजला, हॉलची सोफ्यामागची भिंत साधारण अकरा फूट लांब आणि एकदम कोरी पांढरी. नवरा म्हणतो वॉलपेपर लाव आणि मोकळी हो, पण मला ते नकोय. मध्यंतरी मोबाईलवर जपानी चित्रं बघता बघता ती पक्षी आणि फुलांची चित्रं डोक्यात बसली, म्हणजे एक फांदी, त्यावर एक पक्षी, बाकी सगळं मोकळं, आणि तरी नजर हटत नाही. त्याला काचो-गा म्हणतात एवढंच कळलं, पुढे गाडी अडकली कारण ऑनलाईन दुकानात हेच नाव टाकलं की तीन तुकड्यांचे कॅनव्हास येतात, गुलाबी फुलं, सोनेरी चंद्र, करकोचे, आणि सगळे एकसारखे दिसतात. त्यातला एक सेट मैत्रिणीने घेतला होता तो चवथीपर्यंत मागून काळा पडला, म्हणून धीर होत नाही.

प्रश्न असे की खरी पारंपरिक चित्रं आणि ही दुकानातली यात फरक कसा ओळखायचा, आपल्या हवेत कागद बरा की कॅनव्हास की ती गुंडाळायची पट्टीवाली चित्रं, आणि कुठला पक्षी घ्यायचा. शेवटचा प्रश्न हसण्यासारखा वाटेल पण आमच्याकडे सासूबाईंचं व्हेटो आहे, मला बर्फातल्या फांदीवरचा कावळा भयंकर आवडलेला, त्या म्हणाल्या पितृपक्षात येतो तेवढा पुरे, हॉलमध्ये बारा महिने नको.

बजेट फार नाही. अस्सल जुनं काही घ्यायची ऐपत नाही हे आधीच सांगते.

---

चोडणकार

मोगराताई, कावळ्याबद्दल तुमच्या सासूबाईंशी भांडणार नाही पण तुमची नजर चांगली आहे, ते बर्फातले कावळे बहुतेक ओहारा कोसोन या जपानी चित्रकाराचे असणार. मी पक्षी बघणारा माणूस, चोडणला राहतो, सलीम अली अभयारण्य घरापासून चालत जाण्यासारखं, चित्रांकडे मी पक्ष्यांच्या वाटेने आलो. तेव्हा मला कळतं तेवढं सांगतो, बाकी जाणकार येतीलच.

पहिली गोष्ट, ही एकच एक प्रकारची चित्रं नाहीत. ढोबळ दोन घराणी धरा. एक म्हणजे हाताने रंगवलेली, रेशमावर किंवा कागदावर, ती गुंडाळीवर असतात, घडीच्या पडद्यांवर असतात, नाहीतर थेट सरकत्या दारांवर. मूळ वळण चीनमधलं, सोंग राजवटीच्या काळातलं, जपानमध्ये कानो या चित्रकारांच्या घराण्याने ते राजवाड्यात आणि मठात नेलं. क्योतोच्या दाइतोकुजी मठात जुको-इन म्हणून भाग आहे, तिथे कानो एइतोकूने 1566 मध्ये सरकत्या दारांवर चारही ऋतूंचे पक्षी आणि फुलं काढलीत, विशीतला पोरगा होता तेव्हा, आणि त्यात एक प्लमचं झाड आहे ते एका दारातून दुसऱ्या दारात पसरत जातं. म्हणजे तुम्ही म्हणता ती 'वॉल आर्ट' तिथे भिंतीला अडकवलेली नव्हती, ती स्वतःच भिंत होती. दुसरं घराणं म्हणजे लाकडी ठशांची छापील चित्रं, हिरोशिगे, होकुसाई, आणि खूप नंतर कोसोन. ही सामान्य माणसासाठी, हातात धरून बघायची. हिरोशिगेची तर उभट अरुंद पट्टीवर असतात, चाळीस सेंटीमीटरच्या आतबाहेर उंच, आणि बाजूला कविता.

हा फरक सांगायचं कारण तुमची अकरा फुटी भिंत. हातात धरून बघायचं चित्र पाच फूट केलं की त्यातला जीव जातो. कोसोनचा खंड्या तळहाताएवढा असतो म्हणून गोड वाटतो, तोच सोफ्याएवढा केला की बारमधला दिसायला लागतो.

आता पक्षी. या चित्रांत पक्षी आणि झाड सहसा जोडीने ठरलेलं असतं आणि ती जोडी ऋतू सांगते. प्लमचा मोहर आणि उगुइसू पक्षी म्हणजे हिवाळा सरून वसंत लागतोय, विलो आणि माळभिंगरी म्हणजे वसंत बहरलाय, लव्हाळी आणि उतरणारे रानहंस म्हणजे शरद, बांबूवर बर्फ आणि चिमण्या म्हणजे हिवाळा. पाइन आणि क्रौंच म्हणजे दीर्घायुष्य, ते शुभकार्याचं. दुकानातल्या तीन तुकड्यांच्या कॅनव्हासवर चेरीची फुलं, लाल मेपल आणि कमळ एकाच फांदीभोवती असतात ना, तिथेच ओळखा. अर्थात चारही ऋतू एकाच पडद्यावर घ्यायची पद्धत आहेच, पण तिथे उजवीकडून वसंत सुरू होऊन डावीकडे हिवाळ्यापर्यंत क्रमाने जातं, खिचडी नसते.

थोडं अवांतर. पाइनच्या शेंड्यावर बसलेला क्रौंच हे निव्वळ थाप आहे, तो लाल डोक्याचा क्रौंच झाडावर बसतच नाही, मागचं बोट आखूड आणि वर चढलेलं, फांदी धरणार कशी? पाणथळीत जमिनीवर राहणारा पक्षी. पण शतकानुशतकं काढतायत आणि कोणाची तक्रार नाही. तसंच प्लमवरचा उगुइसू. खरा उगुइसू मातकट रंगाचा, झुडपात लपणारा. प्लमच्या फुलातला मध खायला येतो तो हिरवा, डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला, म्हणजे आपल्या परसातल्या चष्मेवाल्याचा भाऊ. लोक त्यालाच उगुइसू समजतात. आणि माळभिंगरी तिथे वसंतात घरट्याला येते, आपल्याकडे ती ऑक्टोबरनंतर विजेच्या तारांवर रांगेत बसलेली असते. त्यांचा वसंत तो आपला निरोप.

माझं मत विचाराल तर बगळा घ्या. कोसोनचे पावसातले बगळे आहेत, पाऊस म्हणजे नुसत्या तिरक्या रेघा, मागे करडा रंग वरून खाली विरत गेलेला. जून-जुलैत आमच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या शेतात, अगदी हेच दिसतं. सासूबाईंची पण हरकत नसावी, पांढरा आहे, शांत आहे, मासे खातो.

---

फ्रेमिंग_म्हापसा

ताई मी फ्रेमिंगच्या धंद्यात आहे, चित्रातलं चोडणकार काकांएवढं कळत नाही पण भिंतीतलं कळतं.

तुमच्या मैत्रिणीचं कॅनव्हास मागून काळं पडलं कारण कॅनव्हासला मागे काही नसतं, उघडं कापड, आणि ते भिंतीला चिकटून टांगतात. आपल्याकडे वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस, त्यात पश्चिमेची भिंत झड खाते, प्लास्टर ओल धरतं, आणि ती ओल थेट त्या कापडात जाते. पुढून चकाचक, मागून बुरशी. वर ते लाकूड कुठलं असतं देवाला ठाऊक, त्यात भुंगा निघाला की पावडर सोफ्यावर पडते तेव्हा लोक माझ्याकडे येतात.

म्हणून पहिला प्रश्न, ती भिंत बाहेरची की दोन खोल्यांमधली? आणि मागे बाथरूम आहे का? मे महिन्यात भिंत सगळीच कोरडी वाटते, तुम्ही जुलैच्या शेवटी हात लावून बघा. थंड आणि चिकट लागली तर तिथे कागद नकोच.

कागद लावायचाच तर असं करा. काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) किंवा स्पेसर पाहिजेच, कारण काचेच्या आत दमट धरलं की कागद काचेला चिकटतो आणि मग सोलून निघत नाही, निघाला तर रंग काचेवर राहतो. माउंट अ‍ॅसिड-फ्री मागा, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. साधा माउंट चारपाच वर्षांत कडेला पिवळी चौकट सोडतो. मागे हार्डबोर्ड थेट चित्राला नको, मध्ये अ‍ॅसिड-फ्री शीट पाहिजे. मागची बाजू सगळीकडून टेपने बंद करायची म्हणजे कसर आणि मुंग्या शिरत नाहीत. आणि खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बटणं लावायची, पाच-सहा रुपयांचा माल, त्याने फ्रेम भिंतीपासून बोटभर सुटी राहते आणि मागून हवा फिरते. हे एवढं एक केलं तरी निम्मी कामं माझ्याकडे परत येणार नाहीत. धंद्याचं गुपित फोडतोय बघा.

उन्हाकडे पण बघा. लाल आणि गुलाबी आधी उडतो. समोर खिडकी असेल तर यूव्हीवाली काच किंवा अ‍ॅक्रिलिक घ्या, अ‍ॅक्रिलिक हलकं पण धूळ ओढतं आणि ओरखडे पडतात.

---

कुशावती

सगळ्यांचं बरोबर असेल पण मला एक कळत नाही, गोव्यात बसून भिंतीवर जपानचं झाड कशाला? आपली कावी कला आहे ना. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर द्यायचा आणि तो खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करत नक्षी काढायची, वेली फुलं पक्षी सगळं आहे त्यात, जुन्या देवळांच्या भिंतींवर अजून आहे, नवीन रंगाखाली गेलं तिथे कायमचं गेलं. ती भिंतीतच असते म्हणजे फ्रेम नको, काच नको, रबरी बटण नको. आणि दोनच रंग, तांबडा पांढरा, तुमच्या त्या जपानी मोकळेपणाला शोभेल असा. शिकवणारी मंडळी आहेत, शिबिरं होतात. विचार करा.

---

चोडणकार

कुशावतीबाय, कावी मला पण आवडते पण फ्लॅटच्या भिंतीला चुन्याचा गिलावा कोण करणार, सोसायटीत पुट्टी आणि प्लास्टिक पेंट असतो, त्यावर ती होत नाही.

आणि जपान आपल्याला एवढं परकं नाही हो. सेंट फ्रान्सिस झेवियर जपानला निघाला तो 1549 मध्ये गोव्यातून, बरोबर अंजिरो नावाचा जपानी माणूस, त्याचा बाप्तिस्मा आदल्या वर्षी गोव्यातच झालेला. पुढे 1582 मध्ये नागासाकीहून चार जपानी पोरं रोमला पोपना भेटायला निघाली ती जाता-येता गोव्यात थांबलेली. त्यांच्याबरोबर भेट म्हणून कानो एइतोकूचे घडीचे पडदे होते, तेव्हाचा जपानचा सत्ताधीश नोबुनागा याने दिलेले, मी वर ज्याची दारं सांगितली तोच एइतोकू. पक्षी-फुलांचे नव्हते ते, आझुची किल्ल्याचं चित्र होतं, 1585 मध्ये पोपना दिले आणि पुढे कुठे गेले याचा आजपर्यंत पत्ता नाही. म्हणजे रोमला पोचायच्या आधी ते मांडवीच्या वाऱ्यात राहून गेलेत. आता फ्रेमिंग_म्हापसा सांगेल त्यांचा निकाल इथेच लागला असता.

---

फ्रेमिंग_म्हापसा

हा हा. एक पावसाळा काढला असता तर नक्की.

---

आल्तिनो_बॅच

मी आल्तिनोच्या आर्ट कॉलेजातला, पेंटिंगला होतो, आता पोटासाठी ग्राफिक्स करतो. मूळ चित्रं कशी बनतात हे थोडं सांगितलं तर प्रिंट घेताना काय बघायचं ते कळेल म्हणून लिहितोय, लांबलं तर सोडून द्या.

जपानी रंग म्हणजे ट्यूबमधला रंग नव्हे. दगड कुटून केलेली भुकटी, अझुराइट निळ्यासाठी, मॅलाकाइट हिरव्यासाठी, आणि तीच भुकटी जितकी बारीक तितका रंग फिकट, म्हणजे एका दगडातून अनेक छटा. हे सगळं निकावा नावाच्या सरसात कालवायचं. पांढरा म्हणजे गोफुन, तो शिंपल्यांचा. आपल्याकडे जुन्या घरांच्या खिडक्यांना शिंपा लावायचे आणि शिंपल्यांचा चुना भिंतीला, तिथे तोच माल कुटून, धुवून, वाळवून बगळ्याच्या पंखावर. जवळून बघितलं तर पांढरा रंग कागदाच्या वर किंचित उठलेला असतो, एकेक पीस वेगळं. हे उठलेपण फोटोत येत नाही. त्यामुळे प्रिंटमध्ये बगळा सपाट, कापलेला कागद चिकटवल्यासारखा दिसू शकतो, ऑर्डर करायच्या आधी पिसांपाशी झूम करून बघा, पांढऱ्यात पांढरं दिसतंय का. कोसोनच्या ठशांतही ही गंमत आहे, काही ठिकाणी पिसांना रंगच नसतो, शाई न लावता ठसा दाबून कागदच उठवलेला असतो, काराझुरी म्हणतात. उजेड बाजूने पडला तरच दिसतं. त्यामुळे सोफ्यावर समोरून फोकस लाईट मारू नका.

दुसरं इतो जाकुचू. मोगराताई, एकदा बघाच. क्योतोच्या निशिकी बाजारातल्या भाजीच्या घाऊक व्यापाऱ्याचा मुलगा, चाळिशीला दुकान भावाकडे सोपवून दिलं आणि पूर्णवेळ चित्रं. अंगणात कोंबड्या पाळून त्यांना बघत बसायचा. 1757 च्या सुमारास सुरू करून दहाएक वर्षांत रेशमावर तीस गुंडाळ्या काढल्या, प्राणी-पक्षी-मासे-फुलं, आणि शोकोकुजी मठाला दिल्या. 1889 मध्ये मठाने त्या राजघराण्याकडे दिल्या, 2021 मध्ये राष्ट्रीय ठेवा जाहीर झाल्या. त्यातला फिनिक्स बघताना वाटतं पिसांत सोनं भरलंय, तपासणीत निघालं की सोनं नाहीच, रेशमाच्या मागच्या बाजूने पिवळी माती लावलेली आणि पुढून पांढऱ्या रेषा. रेशीम आरपार दिसतं त्याचा फायदा. मागून रंगवायची ही पद्धत जुनीच पण त्याने तिचं सोनं केलं. मात्र हॉलला जाकुचू लावाल तर विचार करून लावा, त्याचे कोंबडे अंगावर येतात, पाहुणे चहा सांडतील.

आता कामाचं. प्रिंट विकत घ्यायच्या आधी फुकट बघा. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने 2017 मध्ये आपल्या संग्रहातली हक्कमुक्त चित्रं मोठ्या फाईलमध्ये मोकळी केली, अ‍ॅमस्टरडॅमच्या रेइक्सम्युझियमकडे कोसोन भरपूर आहे, तेही डाउनलोड करता येतं. कोसोन 1945 मध्ये गेला, आपल्याकडे कलाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क असतो, म्हणजे घरासाठी छापायला अडचण नाही. फाईलची लांबी पिक्सेलमध्ये बघायची आणि तिला तीनशेने भागायचं, येतील तेवढे इंच स्वच्छ छापेल. सहा हजार पिक्सेल असेल तर वीस इंच. लांबून बघायचं असेल तर दीडशेने भागा, चाळीस इंचापर्यंत ताणता येईल, पण चोडणकार म्हणतात ते खरं, ठशाचं चित्र ताणू नये.

छापताना पिगमेंट शाई आणि कॉटनचा मॅट कागद मागा. चकचकीत फोटोपेपरवर ही चित्रं कॅलेंडर वाटतात. आणि दुकानदाराला ठणकावून सांगा की क्रॉप करायचं नाही. मला एका ठिकाणी (नाव घेत नाही) वरची मोकळी जागा कापून दिली, वर म्हणे 'तिथे काही नव्हतं सर'. अहो ते काही नव्हतं म्हणूनच तर पक्षी खाली बघत होता.

---

मोगरा_फोंडा

बापरे एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं, देव बरें करूं सगळ्यांना.

भिंत आतली आहे, पलीकडे आमची बेडरूम, बाथरूम दुसऱ्या टोकाला. खिडकी डाव्या हाताला, उत्तरेची, म्हणजे उजेड बाजूनेच येतो, हे चांगलंच झालं म्हणायचं.

सासूबाईंना रात्री जेवताना सगळे पक्षी दाखवले. घुबड पण दाखवलं, मी म्हटलं जपानमध्ये शुभ मानतात, त्या म्हणाल्या मग जपानमध्येच राहू दे. क्रौंच आवडले, पण एकटा नको जोडी पाहिजे. बगळे बघून म्हणाल्या हे तर आमच्या बोरीच्या शेतातले. म्हणजे पास.

पण अजून एक शंका. अकरा फुटी भिंतीवर दीड फुटी बगळा म्हणजे टिकली लावल्यासारखं नाही का दिसणार? आणि ते सोनेरी पार्श्वभूमीचे पडदे असतात ते मोठे असतात ना, त्यातलं काही घेतलं तर? आणि गुंडाळीचं कोणीच बोललं नाही.

---

आल्तिनो_बॅच

सोनेरी पडदे म्हणजे ओगाता कोरिनचे आयरिस वगैरे. टोकियोच्या नेझू म्युझियमला सहा घड्यांच्या पडद्यांची जोडी आहे, नुसती निळी फुलं, हिरवी पानं आणि सोनं, पक्षी नाही, माणूस नाही, पाणी पण नाही, तरी पाणी दिसतं. मोठी भिंत तेच पेलतं. पण सोन्याच्या वर्खाची प्रिंट पिवळी येते, मोहरीच्या रंगाची, कारण खऱ्या वर्खावर दिवसभर उजेड हलत असतो. ते पडदे अंधाऱ्या खोल्यांत असायचे, लांबून येणारा उजेड पकडायला. ट्यूबलाईटखाली पिवळा कागद काय पकडणार. क्योतोच्या निजो किल्ल्यातही 1626 च्या वेळची कानो घराण्याची पाइन आणि ससाण्यांची चित्रं आहेत, शोगुनच्या (लष्करी राज्यकर्त्याच्या) दरबारात, समोर बसणाऱ्याची छाती दडपावी म्हणूनच एवढी मोठी. मूळ चित्रं आता आवारातल्या गॅलरीत नेऊन महालात हाताने केलेल्या प्रतिकृती बसवत आलेत. तर प्रतिकृतीत कमीपणा नाही, फक्त ती कशी केली ते बघायचं.

टिकलीबद्दल, भिंत भरायचीच कशाला? सोफ्याच्या मधोमध न लावता एका बाजूला, खिडकीच्या जवळ, डोळ्याच्या उंचीला एक चित्र लावा. बसल्यावरची उंची धरा, उभं राहून खिळा ठोकू नका, सगळे तिथेच चुकतात. बाकी भिंत मोकळी ठेवा. फार रिकामं वाटलं तर खाली एक कमी उंचीचं लाकडी स्टूल आणि तांब्यात दोन चाफ्याची फुलं.

---

चोडणकार

गुंडाळीचं मी सांगतो, मित्राच्या घरी आहे, जपानला नोकरीला होता तेव्हा जुन्या बाजारातून आणलेली, कोणा प्रसिद्ध माणसाची नाही, बांबू आणि दोन चिमण्या.

काकेजिकू म्हणतात त्याला, आणि मुख्य म्हणजे ती बारा महिने टांगायची वस्तूच नाही. जपानी घरात तोकोनोमा नावाचा कोनाडा असतो, तिथे ऋतूप्रमाणे किंवा पाहुण्याप्रमाणे एक लावायची, दिवस उलटले की गुंडाळून पावलोनिया लाकडाच्या पेटीत, आणि दुसरी काढायची. तिथेही जून-जुलैत पावसाळा असतो आणि हवा आपल्यासारखीच चिकट. म्हणून कोरड्या दिवसांत पेट्या उघडून गुंडाळ्या, पुस्तकं, कपडे वारा खायला बाहेर काढायची पद्धत आहे, आपण शालू-पैठण्यांना वारा दाखवतो त्यातलंच. म्हणजे दमट हवेवरचा इलाज त्यांच्या टांगण्याच्या पद्धतीतच आहे, सतत लावूच नका.

मित्र तेच करतो. चवथ झाली, पाऊस ओसरला, भिंत कोरडी झाली की चिमण्या बाहेर, आणि मे संपता संपता पुरुमेंताची (पावसाळ्याच्या बेगमीची) मिरची-कोकम भरली जाते तेव्हा चिमण्याही पेटीत, बरोबर सिलिका जेलच्या पुड्या. गुंडाळायची पण सैल, घट्ट पिळली तर रंगाला चिरा जातात. एसीच्या झोताखाली टांगू नका, कडा आत वळतात. एकदा का त्या वळल्या की सरळ करणारा गोव्यात मला तरी माहीत नाही.

माझं म्हणणं, फ्रेम एकच करा पण प्रिंट तीन-चार घ्या, एकाच मापाच्या, आणि बदलत राहा. पावसात बगळा, थंडीत माळभिंगरी, शिमग्याला काहीतरी फुलांचं, होकुसाईची निळ्या पार्श्वभूमीवरची चेरी आणि बुलफिंच आहे ती बघा, पक्षी उलटा लटकलेला, खट्याळ. आणि कावळा. कावळा पितृपक्षात पंधरा दिवस लावा, सासूबाईंना सांगा की औचित्य आहे.

---

कुशावती

हे बदलत राहायचं पटलं. मी विरोध मागे घेत नाही पण पटलं.

---

फ्रेमिंग_म्हापसा

काकांची आयडिया चांगली आहे पण मग मी वर सांगितलेली मागून टेपने बंद केलेली फ्रेम चालणार नाही, दर वेळी टेप फाडायला माझ्याकडे येणार का? त्याऐवजी मागे फिरत्या क्लिपा लावून घ्या, स्प्रिंगच्या नाही, चपट्या, स्क्रूवर फिरतात त्या, आणि मागच्या बोर्डाच्या कडेला फोमची पट्टी, म्हणजे बंद केलं की फट राहत नाही. चित्र माउंटला डिंकाने नाही चिकटवायचं, सेलोटेपने तर अजिबात नाही. वरच्या कडेला दोन कागदी बिजागऱ्या, गव्हाच्या खळीने, किंवा चार कोपऱ्यांना कागदाचे खिसे करायचे आणि चित्र आत सरकवायचं. बदलाबदली करायची तर खिसेच बरे. खळ घरची केलीत तर ताजी करा आणि पूर्ण वाळू द्या, नाहीतर झुरळांची मेजवानी.

बदलताना पाऊस नसलेल्या दिवशी दुपारी बदला. सकाळी दमट हवा आत कोंडली तर काचेला आतून वाफ धरेल. काढलेले प्रिंट गुंडाळू नका, सपाट ठेवा, मध्ये अ‍ॅसिड-फ्री कागद, वर्तमानपत्र नको, शाई उमटते. कपाटात सगळ्यात वरच्या खणात, जमिनीजवळ नको, वाळवी कुठून येईल सांगता येत नाही. डांबराच्या गोळ्या कागदाजवळ ठेवू नका.

---

मोगरा_फोंडा

ठरलं मग. एक फ्रेम, चपट्या क्लिपा, खिसे. बगळा, माळभिंगरी आणि ती उलटी लटकलेली चिमणीसारखी आहे ती, या तिघांच्या फाईली रात्री शोधल्या, दोघांच्या सात हजार पिक्सेलच्या वर मिळाल्या, माळभिंगरीची लहान आहे, दुसरी बघते. कावळा चौथा, तो सध्या गुपचूप छापून ठेवणार.

फ्रेमिंग दादा, तीन वेगळ्या मापाचे प्रिंट एकाच फ्रेममध्ये बसवायचे तर माउंटची खिडकी तिन्ही वेळा वेगळी कापून घ्यावी लागेल ना? की सगळे एकाच मापात छापले तरी चालतील?

---

फ्रेमिंग_म्हापसा

कागद सगळ्यांचा एकाच मापाचा घ्या, पण त्यावर चित्र त्याच्या मूळ प्रमाणातच छापा, चारी बाजूंनी कोरी जागा सोडून. माउंटच्या तीन खिडक्या कापून घ्याव्या लागतील, त्याला इलाज नाही, हिरोशिगेची पट्टी अरुंद, कोसोनचं उभं चौकोनी. बाहेरचं माप एकच असलं की फ्रेम तीच. खिडकी कापताना खालची बाजू वरच्यापेक्षा अर्धा-पाऊण इंच जास्त ठेवायला सांगा, सारखी ठेवली तर चित्र खाली घसरल्यासारखं दिसतं. आणि चौथीची खिडकी पण आत्ताच कापून घ्या, नंतर त्याच शेडचा माउंट मिळत नाही. कावळ्याचं माप सासूबाईंना सांगायची गरज नाही.

---

आल्तिनो_बॅच

माउंट शुभ्र पांढरा घेऊ नका, बगळा मळका दिसेल. हस्तिदंती घ्या, किंवा अगदी फिकट करडा. छापायच्या आधी एकदा त्याच कागदावर पोस्टकार्डाएवढा तुकडा काढून बघा, करड्या पार्श्वभूमीत हिरवट झाक आली तर छापणाऱ्याला तिथल्या तिथे दाखवा, पूर्ण प्रिंट निघाल्यावर कोणी ऐकत नाही.